तोल गेला म्हणजे तो प्यालेलाच, असं नाही



या वेळी आधी माझी एक चूक सांगते.

शेंद्र्यातल्या आमच्या वस्तीत महिला मंडळाने दारूच्या गुत्त्याविरुद्ध पाळत ठेवली होती. दुसऱ्या पाळीची माणसं एमआयडीसीतून परत येतात, त्या वेळी आम्ही पाच-सहा जणी कोपऱ्यावर बसायचो. आडवी बाटली करायची, तर आधी आपल्या माणसांना अडवायचं, असं ठरलं होतं. एका रात्री एक भाऊ भिंतीला हात लावत, पाय फाकवत, झोकांड्या खात आला. मीच पुढे झाले. "पंचशील रोज म्हणता आणि असे येता? घरी लेकरं आहेत ना तुमच्या?" तो काही सांगायला लागला, पण जीभ जड. शब्द अर्ध्यात तुटत होते. बायका हसल्या. एकीने बाटली असेल म्हणून डबा उघडून पाहिला. त्यात अर्धी भाकरी होती.

दुसऱ्या दिवशी त्याची बायको माझ्या दारात आली. भांडायला आली नव्हती, म्हणून जास्त लागलं. म्हणाली, "ताई, हे थेंबभर घेत नाहीत. तुम्ही तर नर्स आहात. निदान वास तरी घ्यायचा होता."

वास घ्यायचा होता, ही गोष्ट खरीच. वीस वर्षं वॉर्डात काढलेल्या बाईला एवढं सुचू नये! त्या घरच्या परवानगीनेच हे लिहिते आहे. नाव देत नाही, ओळख पटेल असे एकदोन तपशीलही बदलले आहेत.

त्याची गोष्ट अशी. वय अडतीस. ठेकेदाराकडे कामाला. दोन-तीन वर्षांपासून जिना उतरताना भीती वाटायची, मग सायकल सुटली. स्क्रू पकडायला जावं तर हात पुढे निघून जायचा. नंतर बोलणं जड झालं. कंपनीच्या गेटवर तोंडात फुंकर मारायचं मशीन असतं, त्यात शून्य यायचं. तरी "आज घरी जा" म्हणून परत पाठवत. पुढे ठेकेदाराने बोलावणंच बंद केलं. आईने मांगीरबाबाला नवस बोलला होता. आपल्या शेंद्र्याला चैत्रात त्याची मोठी जत्रा भरते, नवस फेडायला लोक अंगात गळ टोचून घेतात, सगळ्यांना माहीत आहे. (नर्स म्हणून तेवढंच सांगते, गंजका गळ आणि धनुर्वात यांचं नातं जवळचं आहे.) मेडिकलवाल्याने ताकदीची इंजेक्शनं दिली. कोणी म्हणालं करणी, कोणी म्हणालं मागच्या जन्मीचं. मागच्या जन्मीचं कर्म ही गोष्ट बाबासाहेबांनी आपल्या धम्मात ठेवलेली नाही, तरी दुखणं आलं की तीच आधी तोंडात येते. या सगळ्यात दोन वर्षं गेली आणि मेंदूच्या डॉक्टरपर्यंत कोणीच नेलं नाही.

या दुखण्याला अटॅक्सिया म्हणतात. हे एका आजाराचं नाव नाही. ताप कसा पन्नास कारणांनी येतो, तसं हे लक्षण आहे, आणि त्यामागची कारणं पुष्कळ आहेत. काही पूर्ण बरी होणारी, काही आयुष्यभर सोबत राहणारी. म्हणूनच "हे असंच चालायचं" असं घरच्या घरी ठरवून टाकू नये.

डोक्याच्या मागच्या बाजूला, मानेच्या वर, मोठ्या मेंदूखाली लहान मेंदू असतो. शाळेच्या पुस्तकात त्याला अनुमस्तिष्क म्हणतात. वजनाने सगळ्या मेंदूच्या दहाव्या हिश्श्याएवढा, पण मेंदूच्या निम्म्याहून जास्त पेशी त्यात. हात उचल, पाऊल टाक, हा हुकूम मोठा मेंदू देतो. किती उचल, कुठे थांब, किती जोर लाव, हा हिशेब लहान मेंदू सांभाळतो. तुम्ही भाकरी थापून तव्यावर टाकता ती मधोमध पडते. भरलेला हंडा डोक्यावर घेऊन नळावरून घरी येता, पाणी हिंदकळत नाही. कुठेही मोजमाप केलेलं नसतं. ते मोजमाप आत चालू असतं.

अटॅक्सियात हा अंदाज बिघडतो. ताकद असते. लकव्यात हात उचलतच नाही, इथे उचलतो पण नेम चुकतो. पेल्याकडे गेलेला हात पेला पाडतो. पावलं लांब लांब, पाय फाकवून पडतात, कारण तसं उभं राहिलं तर कमी पडतं. बोलणं हीही हालचालच आहे. जीभ, ओठ, टाळू आणि श्वास यांचा मेळ बसला तर शब्द नीट येतो. मेळ सुटला की शब्द तुटक येतात, एक अक्षर मोठ्याने तर दुसरं गिळलेलं. ऐकणाऱ्याला वाटतं, याचं डोकंही गेलं. बहुतेक वेळा समज पूर्ण शाबूत असते. त्या रात्री आम्ही जे बोललो, ते सगळं त्याला कळत होतं.

मग तो प्यालेल्यासारखा का दिसतो? दारू लहान मेंदूवरच परिणाम करते, म्हणून. प्यालेल्या माणसाचा लहान मेंदू काही तासांपुरता बिघडलेला असतो, याचा कायमचा बिघडलेला. बाहेरून चाल तीच, बोलणं तेच. फरक बघायचा तर तोंडाचा वास घ्या, आणि सकाळी उठल्या उठल्या चाल कशी आहे ते विचारा. उपाशीपोटी सकाळी सहालाही तीच झोकांडी असेल तर कारण दुसरं आहे.

आपल्या लोकांबद्दल एक गोष्ट मनाला लागते. दारू सोडणं आपल्यासाठी नुसता तब्येतीचा प्रश्न नाही, धम्माचं पाचवं शील आहे. त्यामुळे बाहेरच्या माणसाने बेवडा म्हटलं तर एक दुःख, वस्तीतल्या आपल्याच माणसांनी म्हटलं तर दुसरं. हा भाऊ त्यानंतर विहारात येणं बंद झाला होता. लोक आपल्याकडे बघून तोंड फिरवतात, म्हणून.

आणि ज्याने खरंच वर्षानुवर्षं प्यायली, त्याचंही सांगायला हवं. सततच्या दारूने लहान मेंदूचा मधला भाग सुकतो. आधी पाय बिघडतात, हात आणि बोलणं नंतर. वेळेत दारू सुटली आणि खाणं सुधारलं तर काहींची चाल बरीच सुधारते. पिणारा जेवत नाही, म्हणून बी-१ जीवनसत्त्व संपतं. पिणारा माणूस अचानक गोंधळल्यासारखा बोलू लागला, डोळे विचित्र हलू लागले, पाय टिकेना, तर ती तातडीची वेळ आहे. अशा वेळी गल्लीतल्या दवाखान्यात नुसतं ग्लुकोजचं सलाईन लावलं तर नुकसान होऊ शकतं. बी-१ चं इंजेक्शन आधी किंवा सोबतच हवं. त्याला शिव्या देत घरी झोपवू नका, मोठ्या दवाखान्यात न्या. तोही पेशंटच आहे.

किती दिवसांत झालं, ते आधी सांगा

डॉक्टरकडे गेल्यावर सगळ्यात उपयोगी माहिती कुठली असेल, तर हे दुखणं किती वेळात आलं. आपण सांगतो, "लई दिवसांपासून." त्यातून काही कळत नाही.

काही मिनिटांत, तासाभरात तोल गेला, चक्कर, उलटी, बोलणं अडखळलं, एकाचे दोन दिसू लागले, तर तो लहान मेंदूचा झटका असू शकतो. हात-पाय लुळा पडला नाही म्हणून "पित्त झालंय" समजून घरी बसू नका. १०८ ला फोन लावा. रक्ताची गाठ विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं, आणि शेंद्र्याहून घाटी वीसेक किलोमीटर आहे. लक्षण सुरू झालं ती वेळ कागदावर लिहून ठेवा.

काही दिवसांत, आठवड्यांत आलं असेल तर औषधं आठवा. फिट येणाऱ्या माणसाला फेनिटॉइनची गोळी असते, आपल्याकडे ती बहुतेक एप्टॉइन नावाने ओळखतात. तिचं रक्तातलं प्रमाण वाढलं की अगदी प्यालेल्यासारखी चाल होते. मी वॉर्डात असे कितीतरी बघितले, एका डॉक्टरने लिहिलेली आणि दुसऱ्याने वाढवलेली गोळी दोन्ही घेणारे. डोस नीट केला की माणूस काही दिवसांत सरळ चालतो. पण गोळी स्वतःच्या मनाने एकदम बंद करायची नाही, त्याने फिट सुरू होतात आणि जीव जाऊ शकतो. लेकराला कांजिण्या येऊन गेल्यावर आठ-पंधरा दिवसांत चाल अडखळली तर ते बहुतेक काही आठवड्यांत आपोआप सुधारतं. मात्र लेकराचं सकाळी डोकं दुखतं, उलटी होते आणि चाल बिघडत चालली, तर एकही दिवस घालवू नका. लहान मेंदूजवळची गाठ किंवा टीबीची गाठ अशीच सुरू होते.

पेंटिंगच्या खात्यात काम करणाऱ्या भावांना आणि थिनर हुंगणाऱ्या पोरांच्या आईबापांना वेगळं सांगते. थिनरमधलं टोल्युइन लहान मेंदूला मारतं. पोरं प्लास्टिकच्या पिशवीत रुमाल घालून हुंगतात, आपल्याला वाटतं सर्दी झालीय. सहा महिने-वर्षभरात हात थरथरतात, बोलणं बदलतं. बंद खोलीत मास्कशिवाय थिनरने हात धुण्याची सवय असेल तर तीही सोडा.

महिने-वर्षं लागून हळूहळू वाढत गेलं असेल, तर काही साध्या तपासण्या आधी झाल्याच पाहिजेत. थायरॉइड, बी-१२, लघवी-रक्तातली साखर. बी-१२ कमी असलेल्या माणसाचा तोल अंधारात किंवा तोंड धुताना डोळे मिटले की जातो, पायात मुंग्या येतात. याला स्वस्त इंजेक्शन आहे, पण तपासून आणि पूर्ण कोर्स घेऊन. मेडिकलवाल्याने महिन्यातून एक टोचून भागत नाही. तरुण मुलामुलीचं बोलणं जड होऊन लाळ गळत असेल, हात थरथरत असतील, आधी कधी कावीळ झाली असेल, तर विल्सन नावाच्या आजाराची तपासणी मागा. त्यात शरीरात तांबं साठतं. लवकर कळलं तर गोळ्यांनी थांबतं, उशीर झाला तर लिव्हर आणि मेंदू दोन्ही जातात. हा आजार डोळ्यांचे डॉक्टरही ओळखू शकतात. त्यांच्या मशीनखाली बुबुळाच्या कडेला तपकिरी कडं दिसतं.

घरी बघायचं असेल तर: एका सरळ रेषेत टाच बोटांना लावत दहा पावलं चालायला सांगा, बाजूला तुम्ही उभे राहा. आपलं बोट त्याच्यासमोर धरा, त्याने स्वतःचं नाक आणि तुमचं बोट आळीपाळीने शिवायचं. मांडीवर तळवा उलटा-सुलटा पटपट आपटायला लावा. आणि "कच्चा पापड पक्का पापड" म्हणायला सांगा. मोबाइलवर त्याच्या परवानगीने याचा व्हिडिओ काढा, तारीख लिहा आणि डॉक्टरला दाखवा. ओपीडीत डॉक्टरांना दोन मिनिटं मिळतात, व्हिडिओ दहा मिनिटांचं बोलणं वाचवतो.

डोळ्यांवरून सापडलेला आजार

आमच्या भावाला घाटीत नेलं. रक्त ठीक होतं. एमआरआयमध्ये लहान मेंदू सुकलेला दिसला. मग डॉक्टरांनी एक गोष्ट केली. दोन बोटं दोन बाजूंना धरली आणि डोकं न हलवता या बोटाकडून त्या बोटाकडे पटकन बघ म्हणाले. आपले डोळे उडी मारल्यासारखे जातात. याचे डोळे आळशासारखे हळू हळू सरकले. डॉक्टरांनी लगेच विचारलं, "घरात अजून कोणाला होतं?"

आई गप्प. बायको म्हणाली, "मामंजी दारूने गेले."

आई तेव्हा बोलली. मामंजी पीत नव्हते. पंचेचाळिशीत तोल जायला लागला, लोक बेवडा म्हणू लागले, आणि शेवटी शेवटी खरंच प्यायला लागले. त्यांच्या बहिणीलाही तसंच झालं होतं. तिच्यावर तर कोणी दारूचा आळ घेतला नाही, अंगात येतं म्हणाले.

या डोळ्यांच्या खुणेमागे आपल्या महाराष्ट्रातल्याच एका डॉक्टरची मेहनत आहे. मुंबईच्या जे.जे. रुग्णालयात मेंदूविकारांचा विभाग उभा करणारे डॉ. नोशीर वाडिया यांनी १९७१ मध्ये डॉ. स्वामी यांच्यासोबत नऊ कुटुंबांचा अभ्यास 'ब्रेन' या इंग्लंडच्या नामांकित मासिकात छापला. पिढ्यान् पिढ्या तोल जाणारी ही कुटुंबं. त्यांच्यात डोळे हळू फिरतात, ही वेगळी खूण वाडियांनी पकडली. तेव्हा आपल्याकडे ना सीटी स्कॅन होतं ना एमआरआय. पेशंटसमोर बसून, त्याच्या डोळ्यांकडे नीट बघून ही गोष्ट सापडली. पुढे १९९६ मध्ये एका प्रकारच्या अटॅक्सियाचा दोष बाराव्या गुणसूत्रावर सापडला, त्याला एससीए-२ नाव मिळालं, आणि हळू डोळ्यांची भारतीय कुटुंबं तपासली तेव्हा त्यांत हाच दोष निघाला. वाडियांना २०१२ मध्ये पद्मभूषण मिळालं, २०१६ मध्ये ते गेले. भारतात आनुवंशिक अटॅक्सियाच्या ज्या जाती जास्त आढळतात, त्यांत एससीए-२ आहे. क्युबा देशात होलगीन नावाच्या प्रांतात याच आजाराची जगातली सगळ्यात मोठी वस्ती आहे. म्हणजे हा शेंद्र्याचा शाप नाही, ना कोणाच्या जातीचा.

दोष असा की, पेशीतल्या मजकुरात तीन अक्षरांचा एक तुकडा असतो. निरोगी माणसात तो साधारण बावीस वेळा येतो, पेशंटमध्ये पस्तिशीच्या पुढे जातो. रेकॉर्डची पिन अडकावी तसा. तुकडे जितके जास्त, तितकं दुखणं लवकर. आणि बापाकडून लेकराकडे जाताना ते आणखी वाढू शकतात, म्हणून बापाला पंचेचाळिशीत झालेलं लेकाला पस्तिशीत होतं. आमच्या भावाचं रक्त बाहेर पाठवावं लागलं, विहारात वर्गणी केली तेव्हा पैसे जमले. रिपोर्ट एससीए-२ आला.

इथे घराघरात जे प्रश्न उठतात, त्यांची उत्तरं सरळ देते, कारण त्यांवरून सुनांचे संसार मोडलेले मी बघितले आहेत.

एससीए-२ आई किंवा बाप, कोणाकडूनही येऊ शकतो, आणि ज्याला आहे त्याच्या प्रत्येक लेकराला तो येण्याची शक्यता निम्मी. मुलगा-मुलगी असा फरक नाही. चार लेकरं असतील तर दोघांनाच होईल असंही नाही, प्रत्येक वेळी नाणं नव्याने उडतं. सून पांढऱ्या पायाची म्हणून असं होत नाही. जेवणातून, ताटातून, अंथरुणातून तर मुळीच नाही.

दुसऱ्या जातीचे अटॅक्सिया वेगळ्या वाटेने येतात. जर्मनीच्या फ्रेडरिक डॉक्टरने १८६३ मध्ये पहिल्यांदा लिहिलेला फ्रेडरिक अटॅक्सिया लहान वयात, बहुतेक पंधराच्या आत-बाहेर सुरू होतो आणि हृदयालाही धरतो. त्यात आईबाप दोघेही धडधाकट असतात, पण दोघांकडे एक एक दोष लपलेला असतो. विल्सनचंही तसंच. आपल्याकडे मामाच्या मुलीशी, आत्याच्या मुलाशी लग्न लावतात. एकाच आजोबाचा लपलेला दोष दोन्ही बाजूंनी येऊन भेटण्याची शक्यता त्याने वाढते. मी नात्यातल्या लग्नाला सरसकट वाईट म्हणत नाही, पण घरात असं एक लेकरू असताना परत मामाकडेच सोयरीक करायची, हा हट्ट सोडा.

लेकरांची तपासणी करायची का? भावाचा मोठा मुलगा चौदाचा आहे. कोणतंही लक्षण नसताना लहान मुलाची ही जनुक तपासणी करायची नसते. अठरा झाल्यावर त्याने स्वतः ठरवायचं, समुपदेशन घेऊन. थांबवणारं औषध आज नसताना, पुढे होणार हे कळून काय करायचं, हा प्रश्न सोपा नाही. भावाची बहीण सत्तावीसची आहे, लग्न ठरतंय. ती म्हणते तपासायचं. आई म्हणते नको. मी फक्त एवढं म्हणाले की निकाल आधी तिच्या हातात पडला पाहिजे, सोयऱ्यांच्या नाही. मुंबईचं केईएम रुग्णालय केंद्र सरकारच्या २०२१ च्या दुर्मिळ आजार धोरणातलं एक केंद्र आहे, घाटीतून चिठ्ठी घेऊन तिथे सल्ला घेता येतो.

औषध नाही म्हणजे उपाय नाही, असं नाही. एससीए-२ ला मुळापासून बरं करणारी गोळी नाही, जो विकेल तो फसवतो. फ्रेडरिकसाठी २०२३ मध्ये अमेरिकेत पहिलं औषध मंजूर झालं, त्याची किंमत आपल्या कल्पनेपलीकडची आहे. पण नियमित, रोज तासभर केलेल्या तोलाच्या व्यायामाने अशा माणसांची चाल सुधारते आणि जास्त काळ टिकते, हे तपासून सिद्ध झालेलं आहे. व्यायाम थांबला की फायदाही ओसरतो. फिजिओथेरपिस्टकडून एकदा शिकून घ्या, मग घरी भिंतीजवळ, पलंगाला धरून, कोणीतरी सोबत असताना रोज करा.

घरातले बदल पैशाचे कमी, लक्ष देण्याचे जास्त. चपलेऐवजी मागून बंद असलेला बूट. मोरीत ओलं राहू द्यायचं नाही, बसायला स्टूल, भिंतीला पाइप ठोकून घ्यायचा. रात्री एक छोटा बल्ब चालू. पेला जड स्टीलचा आणि अर्धाच भरलेला. ताटाखाली ओलं फडकं, म्हणजे ताट सरकत नाही. सार्वजनिक संडासात उकिडवं बसताना सगळ्यात जास्त पडझड होते. मधून कापलेली प्लास्टिकची खुर्ची वर ठेवली तरी चालते, ती धुऊन घरी आणायची. काठीची लाज वाटते म्हणून माणसं पडतात आणि खुबा मोडून घेतात. बाबासाहेबांचं दुखणं वेगळं होतं, पण शेवटच्या वर्षांत तेही काठी आणि नानकचंद रत्तूंच्या खांद्याचा आधार घेऊन चालत. ते फोटो आपल्या प्रत्येकाच्या घरात आहेत.

सगळ्यात धोक्याचं गिळणं. यावर मी जरा जास्त लिहिते, कारण तोल जाऊन माणूस पडतो ते दिसतं, घास श्वासनलिकेत जातो ते दिसत नाही. जेवताना खोकला, पाणी प्यायल्यावर आवाज घोगरा, वरचेवर छातीत कफ आणि ताप, ही खूण आहे. अशी माणसं शेवटी न्यूमोनियाने जातात. पाठ सरळ ठेवून बसवा, झोपवून भरवू नका. हनुवटी थोडी छातीकडे. घास लहान, एक गिळल्यावरच दुसरा. पातळ पाणी जास्त ठसकतं, घट्टसर वरण, भाताची पेज, दही, कुस्करलेली भाकरी बरी जाते. जेवताना टीव्ही बंद आणि बोलायचं नाही. जेवल्यावर अर्धा तास आडवं व्हायचं नाही. पेशंट हसवून हसवून भरवणाऱ्या प्रेमळ आत्या असतात, त्यांना आवरा.

बोलण्यासाठी वाचा-उपचारतज्ज्ञ असतात, घाटीत विचारा. घरी: एका श्वासात दोन-तीनच शब्द, बोटाने मांडीवर ताल देत एक एक अक्षर. ऐकणाऱ्याने वाक्य त्याच्या तोंडून काढून घेऊन स्वतः पूर्ण करायचं नाही. हे घरच्यांना सगळ्यात जड जातं, मलाही जातं.

आता कागद. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात एकवीस प्रकार आहेत. अटॅक्सिया हे नाव त्या यादीत वेगळं नाही, म्हणून "तुमचं यात बसत नाही" असं खिडकीवर कोणी म्हणेल. उठून येऊ नका. चालण्या-फिरण्यातलं अपंगत्व, मेंदूचे दीर्घ आजार आणि वाचा-भाषा हे तीन प्रकार त्यात आहेत. युडीआयडी कार्डासाठी ऑनलाइन अर्ज करून बोर्डासमोर जाल तेव्हा चाल आणि बोलणं, दोन्ही तपासा असं स्पष्ट सांगा. टक्के सरळ बेरजेने मिळत नाहीत, पण दोन्ही नोंदले गेले तर फरक पडतो. चाळीस टक्क्यांपासून पुढच्या सवलती सुरू होतात. एसटीत ७५ टक्के सूट, तहसीलमध्ये संजय गांधी निराधारचा अर्ज, काठी-व्हीलचेअरसाठी अर्ज.

कामगार असाल तर ईएसआयचा नंबर ठेकेदाराकडून लिहून घ्या, पगारातून कापत असतील तर तो तुमचा हक्क आहे. आजारपणाच्या रजेत वर्षाला ९१ दिवसांपर्यंत सरासरी पगाराच्या ७० टक्के मिळतात. नोकरीत असताना अपंगत्व आलं तर काढता येणार नाही, हे संरक्षण कायद्याने सरकारी नोकरीला दिलं आहे, खासगीला नाही. म्हणून राजीनाम्याच्या कोऱ्या कागदावर सही करण्याआधी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. अनुसूचित जाती, स्त्रिया, दिव्यांग आणि औद्योगिक कामगार यांना तिथे वकील मोफत मिळतो. आपण यांपैकी दोन-तीन रकान्यांत तरी बसतोच.

आमच्या भावासाठी आम्ही एक छोटं कार्ड बनवलं, डॉक्टरचा शिक्का मारून घेतला: "मला अटॅक्सिया हा मेंदूचा आजार आहे. मी प्यालेलो नाही. माझं बोलणं सावकाश ऐका." लॅमिनेशन करून गळ्यात घालतो. पोलिसाने, रिक्षावाल्याने अडवलं तर दाखवतो. बनवायला पन्नास रुपयेही लागत नाहीत. ज्यांच्या घरी असं कोणी आहे त्यांनी आजच बनवा.

गेल्या वर्षापासून तो रविवारी परत विहारात येतो. महिला मंडळाने त्याची माफी मागितली, मी आधी मागितली होती. विहाराच्या चार पायऱ्यांना धरायला काही नव्हतं. वर्षावासाच्या वर्गणीतून तिथे लोखंडी कठडा बसवला. तो त्याला धरून चढतो, पण खरं सांगायचं तर आमच्या म्हाताऱ्या आज्याच तो कठडा जास्त वापरतात. एक जण परवा म्हणाली, "पोराच्या निमित्तानं का होईना, आमचे गुडघे वाचले."